गिल्बर्टमामांच्या नावावरचा शेरा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष डॉक्टर विद्याधर सबनीस, आपल्या प्रसूतिगृहाच्या चिटणीस श्रीमती रत्नप्रभाबाई कोठारे, मरोळहून मुद्दाम आलेले आदरणीय फादर, ज्यांना खुर्चीला पाठ टेकून बसलेले आम्ही आज पहिल्यांदाच पाहतो आहोत ते सत्कारमूर्ती श्री. गिल्बर्ट मिस्किटा, त्यांच्या शेजारी बसलेल्या सेराफिनामामी, अंधेरीतले सर्व हितचिंतक, आणि माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटे दिलेली आहेत. आपल्या गाडीचे चालक निवृत्त होत आहेत, तेव्हा कार्यालयाच्या वतीने चार गोड शब्द बोलावेत, अशी मला सूचना आहे. ते शब्द मी लिहूनही आणले होते. कागद हा इथे आहे. तो मी आता घडी करून ठेवते.

आताच रत्नप्रभाबाईंनी अहवाल वाचला. त्यात एक वाक्य होते. "एकोणीस वर्षांच्या सेवेत, हयगयीचा एक प्रसंग वगळता, श्री. मिस्किटा यांचे काम निष्कलंक आहे." आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. आपण टाळ्या 'निष्कलंक' या शब्दाला दिल्या हे मला समजते. पण मधला तो तुकडा गिल्बर्टमामांनीही ऐकला, सेराफिनामामींनीही ऐकला. हा अहवाल पुढच्या आठवड्यात छापखान्यात जाईल आणि तो तुकडा त्यांच्या नावाला कायमचा चिकटून राहील. एकोणीस वर्षांतले बाकीचे सगळे दिवस लोक विसरतील. वगळलेला प्रसंग कोण विसरतो?

मी आज त्या एकाच प्रसंगाविषयी बोलणार आहे. अध्यक्षांची परवानगी मी आधी घेतलेली नाही. घ्यायला गेले असते तर माझा धीर दारातच संपला असता.

मी या संस्थेत पाच वर्षांपूर्वी आले. माझे वडील पार्ल्याला शिंपीकाम करतात. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिली. बी.ए. झाले तेव्हा वडिलांनी माझे पदवीचे कागद शिवणयंत्राच्या खणात, चांगल्या कात्रीशेजारी ठेवले. इथे माझे काम दुहेरी होते. सकाळी कार्यालयात लिहिणे, आणि दुपारनंतर गाडीतून मरोळ, मढ, मार्वे, गोराईच्या खाडीपर्यंत जाऊन गरोदर बायकांची नावे नोंदवणे. देशाची नवी पिढी आपल्याच हातून जन्माला येणार आहे, अशा थाटात मी वावरत असे. माझ्या बोलण्यात 'जागृती' हा शब्द इतक्या वेळा येई की आपल्या सुईणबाई इनेझ मला हाकच मारत, "काय गो जागृती, चहा घेतेस?"

गाडीत मी पुढे, गिल्बर्टमामांच्या डावीकडे बसे. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला विचारले की हे समोर काय काय आहे ते ठाऊक आहे का. मला ठाऊक नव्हते. मी म्हणाले, "मला गाडी थोडीच चालवायची आहे?" त्यावर ते म्हणाले, "मला पण बाळंतपण थोडंच करायचंय? तरी पाणी कधी उकळायचं ते मी शिकलो ना."

तेव्हापासून माझी शिकवणी सुरू झाली. रोज सकाळी साडेसातला, किल्लीला हात लावायच्या आधी, ते बॉनेट उघडत. तेल बघायची सळई काढायची, पुसायची, पुन्हा घालायची, आणि मग खुणेपर्यंत तेल आहे का ते पाहायचे. पहिल्यांदा काढलेल्या सळईवर विश्वास ठेवायचा नाही. रेडिएटरमध्ये पाणी. बॅटरीच्या प्रत्येक खणात पाणी. टायरवर हात. मग पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबायचा. बोटभर दबला तर ठीक. जास्त दबला तर सैल, मुळीच दबला नाही तर ताण जास्त. मला या पट्ट्याचे फार नवल वाटे. एवढासा रबराचा पट्टा, पण तोच पंखा फिरवतो, तोच पाणी खेळवतो आणि तोच बॅटरी भरणारा डायनामो चालवतो.

मग दिव्यांची पाळी. मी मागे उभी राहायची. ते ब्रेक दाबून विचारत, "लाल?" मी ओरडून सांगायची, "लाल!" समोरचे दिवे भिंतीवर पाडून दोन्ही वर्तुळे एका उंचीवर आहेत का ते बघायचे. समोरून बैलगाडी आली की दिवे खाली करायचे, कारण, त्यांचे शब्द सांगते, "बैलाला डिप्पर कळत नाय, म्हणून तुला कळला पायजे."

आणि सगळ्यात शेवटी तो लाल दिवा.

डॅशबोर्डवर तेलाचा एक काटा होता. उष्णता दाखवणारा काटा आपल्या त्या जुन्या गाडीला नव्हताच. पण डाव्या हाताला मसुरीच्या डाळीएवढा लाल काचेचा एक दिवा होता. किल्ली फिरवली की तो पेटला पाहिजे, आणि इंजिन चालू होऊन वेग घेतला की विझला पाहिजे. धावत्या गाडीत तो पेटला तर समजायचे की डायनामो थांबला, बहुधा पट्टा तुटला, आणि लगेच गाडी थांबवायची. पण मामा त्याच्याही मागे जात. ते म्हणत, "सकाळी किल्ली फिरवल्यावर जो दिवा डोळा उघडत नाय, तो संध्याकाळी संकट काय सांगणार? आधी तो जागा हाय का ते बघ."

पुढे आमची वाटणीच ठरली. ते म्हणाले, "मी रस्ता बघतो, बाय. तू दिवे बघ." मला केवढा अभिमान वाटला असेल, सांगा! पदवीने मला जी खुर्ची दिली तिच्यापेक्षा ही जबाबदारी मला मोठी वाटली. कृपा करून हे लक्षात ठेवा. दिवे बघायचे काम माझे होते.

चार वर्षांपूर्वीचा दसरा. आपल्या आवारात गाडीची पूजा झाली. झेंडूची माळ मी ओवली, नारळ मामांनीच फोडला. कुंकवाची वाटी माझ्या हातात होती. मी बॉनेटवर बोट टेकवले, दिव्यांवर टेकवले, चाकावर टेकवले. मग मला वाटले, आपल्याला आता यातले एकेक यंत्र कळते, तर ज्याचे काम त्याला मान द्यावा. मी आत वाकले. तेलाच्या काट्याला एक टिकली लावली, आणि त्या लाल दिव्याला, तो माझा विशेष लाडका म्हणून, ओल्या कुंकवाचे चांगले जाड बोट लावले. तो पुरता झाकला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी किल्ली फिरवली. दिवा दिसेना. त्यांनी खिशातला रुमाल काढला, तो हातात तसाच धरला आणि मला विचारले, "बाय, हे पुसलं तर चालेल?"

मी काय म्हणाले ते मला आजही जसेच्या तसे आठवते. मी म्हणाले, "कुंकू पुसायचं नसतं, मामा. आपोआप जाऊ दे."

या सभागृहातल्या भगिनींना हे शब्द समजावून सांगायला नकोत. कुंकू पुसणे म्हणजे आपल्याकडे काय, ते सहा वर्षांच्या मुलीलाही ठाऊक असते. आणि ती तर बाळंतिणींची गाडी! गावोगावी जाऊन बायकांना जागृतीची व्याख्याने देणारी मी, मलाही त्या रुमालाची भीती वाटली. आणि गिल्बर्टमामा? त्यांच्या धर्मात ही गोष्ट नाही. म्हणूनच तर त्यांनी विचारले. मी नाही म्हटल्यावर त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. दुसऱ्याच्या पूजेला आपण हात लावायचा नाही, एवढेच त्यांनी पाहिले. तीन सकाळी तो दिवा जागा आहे की नाही हे आम्ही तपासले नाही. बाकी सगळे तपासले.

चौथ्या दिवशी दुपारी मार्व्याहून निरोप आला. मिठागरावर काम करणाऱ्या एका माणसाची बायको, रुक्मिणी तिचे नाव. दिवस भरत आले होते आणि एकाएकी रक्त जाऊ लागले होते. इनेझबाई, मी आणि मामा निघालो. तिला गाडीत घेतली तेव्हा पावणेसहा झाले असतील. घरचे कोणी बरोबर नव्हते, नवऱ्याला अजून कळायचे होते. इनेझबाई मागे तिच्यापाशी बसल्या. त्यांनी काचेतून मामांना फक्त इतकेच सांगितले की आज गप्पा नकोत.

मालाडकडे यायचा तो रस्ता आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिला असेल. दोन्ही बाजूंना मिठागरे, ना घर ना दुकान. ऊन आमच्या पाठीमागून येत होते. मागच्या काचेतून ते थेट डॅशबोर्डवर पडले होते. मी माझ्या कामाप्रमाणे दिवे बघत होते. तेलाचा काटा जागेवर होता. आणि मला लाल दिसले.

होय, मला दिसले. सुकून भेगा पडलेल्या त्या कुंकवात मला लाल चमक दिसली. मी ती पाहिली आणि मनात म्हणाले, उन्हात कुंकू किती सुरेख दिसते आहे!

दहा मिनिटे मी ते पाहत होते.

मला जरा पाणी द्याल? आभारी आहे.

मग बॉनेटच्या फटींतून वाफ आली. इंजिनाचा आवाज जड झाला आणि गाडी थांबली. मामा उतरले. बॉनेट उघडले तर पट्ट्याच्या चिंध्या झालेल्या. जवळचा जादा पट्टा आदल्याच महिन्यात वापरला गेला होता, नवा शहरात कुठे मिळत नव्हता. ते परत आले, दारातूनच वाकून त्यांनी किल्ली फिरवली आणि त्या दिव्याकडे पाहिले. आता माझी सावली डॅशबोर्डवर होती, ऊन नव्हते. तरी भेगांतून लाल उजेड येत होता.

"कधीपासून गो?" त्यांनी विचारले.

मी म्हणाले, "मला वाटलं कुंकू चमकतंय."

ते रागावतील, म्हणून मी वाट पाहत होते. ते रागावले असते तर आज मला इथे उभे राहणे सोपे गेले असते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि अगदी हळू विचारले, "आता पुसू ना?"

त्या वेळीसुद्धा त्यांनी मला विचारले.

मागे एक बाई रक्तात पडलेली, आणि माझ्या हाताला कुंकू पुसायचे धैर्य नव्हते. शेवटी मीच अंगठ्याने ते पुसले. पुसताना माझ्या मनात जे आले ते मी या व्यासपीठावरून सांगू शकत नाही.

दहा मिनिटांपूर्वी मी बोलले असते तर इंजिन तापले नसते. पट्ट्याच्या जागी काहीतरी बांधून आम्ही लगेच निघालो असतो. आता ते निवेपर्यंत थांबणे भाग होते, कारण तापल्या इंजिनात गार पाणी ओतले तर लोखंड तडकते. मामांच्या नेमाचा पाण्याचा डबा गाडीत भरलेला होता. नसता तर काय केले असते? दोन्ही अंगांना क्षितिजापर्यंत पाणी होते, पण मिठाचे. आम्ही थांबलो. सूर्य गेला. मामांनी सगळे दिवे बंद केले, कारण बॅटरीत जे उरले होते तेवढेच आमचे होते. रुक्मिणी आधी कण्हत होती. मग ती कण्हायची थांबली, आणि मला त्याची जास्त भीती वाटली. मी मागे जाऊन विचारले की ती कशी आहे. इनेझबाईंनी वर न बघता सांगितले, "आहे. तू देवाचं नाव घे नायतर कामाला लाग, पण इथे उभी राहू नको."

मामांनी मला काम दिले. माझ्या सुती साडीचा पदर फाडून त्यांनी तीन पट्ट्या केल्या आणि म्हणाले, "वेणी घाल. आई शाळेत धाडताना घालायची तशी घट्ट." दोनदा ती वेणी उसवली. मी म्हणाले, मामा, मला फार भीती वाटते. ते म्हणाले, "मला पण वाटते. भ्यायचं, पण डोळं उघडं ठेवून भ्यायचं."

ती वेणी त्यांनी पट्ट्याच्या जागी ओढून बांधली. रेडिएटरच्या झाकणावर ओले पोते धरून ते थोडे थोडे सैल केले, वाफ जाऊ दिली, पाणी घोट घोट ओतले. कापडाचा पट्टा घसरत होता. पंखा फिरे, पण बॅटरी काही भरत नव्हती, म्हणून मोठे दिवे लावता येत नव्हते. मालाडपर्यंत मी बाहेर फूटबोर्डवर उभी राहिले, एका हाताने दाराची चौकट आणि दुसऱ्या हाताने टॉर्च धरून, रस्त्याच्या कडेवर उजेड टाकत. पुढे घोडबंदर रोडवर जरा दिवे होते. अंधेरीच्या या दारात आलो तेव्हा चाळीस मिनिटे उशीर झाला होता.

पुढचे डॉक्टरसाहेबांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. रुक्मिणी वाचली. मुलगी झाली, तीही वाचली. पण डॉक्टरसाहेब त्या दिवशी हात धुताना म्हणाले होते की आणखी पाव तास गेला असता तर दोघींतले कोणीच हाती लागले नसते. तो पाव तास अजून माझ्या स्वप्नात येतो.

मग चौकशी झाली. समितीच्या खोलीत मी कोपऱ्यात टिपण लिहायला बसले होते. मामांना विचारले गेले की धोक्याचा दिवा पेटला असताना गाडी का थांबवली नाही. ते म्हणाले, "माझ्या ध्यानात आलं नाय, साहेब." मग एका सभासदांनी, ते आज हयात नाहीत आणि त्यांच्याविषयी मला अनादर नाही, हसत हसत विचारले, "मरोळला नुकताच आगेरा झाला ना, गिल्बर्ट? नव्या तांदळाचा सण. सणाचं काही अंगात राहिलं होतं का?"

दारूबंदीच्या या दिवसांत त्या प्रश्नाचा अर्थ काय, ते खोलीतल्या प्रत्येकाला कळले. एकोणीस वर्षांत ज्या माणसाच्या तोंडाला चहाशिवाय कशाचा वास कोणाला आला नाही, त्याला हे विचारले गेले. मामांची मान एकदाच हलली. ते म्हणाले, "सण होता, साहेब. मी ड्यूटीवर होतो." बस्स. कुंकवाचे नाव नाही, माझे नाव नाही. आणि समितीने सांगितला तो शेरा मी लिहिला. 'वाहनचालकाची हयगय.' सेवापुस्तकात तो माझ्या अक्षरात आहे. अक्षर सुरेख आले आहे.

मी का बोलले नाही? माझी नेमणूक तेव्हा तात्पुरती होती. शिवणयंत्राच्या खणातले ते कागद मला दिसत होते. मी बाहेर येऊन मामांना गाठले आणि म्हणाले की मी आत जाऊन सांगते. त्यांनी मला वाटेत अडवले. "बाय, तुझी नोकरी कच्ची हाय, माझी पक्की. कच्च्या बांधावर वजन टाकायचं नाय." मी परत आत गेले नाही. त्यांनी अडवले म्हणून गेले नाही, असे मी चार वर्षे स्वतःला सांगत आले. खरे असे आहे की त्यांनी अडवले तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले.

गिल्बर्टमामा, तुम्ही मला हाताने खाली बसायची खूण करता आहात ती मला दिसते. आज मी ऐकणार नाही. माझा बांध आता पक्का आहे. आणि नसला, तरी पाणी किती काळ दुसऱ्याच्या शेतात सोडायचे?

अध्यक्षमहाराज, हे मी गोडीगुलाबीच्या प्रसंगी बोलले, पाहुण्यांसमोर बोलले, याचा आपल्याला राग आला असेल. उद्या माझ्या नोकरीचे काय होईल हे मला माहीत नाही, आणि तुमच्या चेहऱ्याकडे बघायचे मला अजून धाडस होत नाही. पण अहवाल अजून छापलेला नाही. त्या दिवशी दिवा झाकणारी मी, तो पुसू न देणारी मी, पेटलेला पाहूनही न बोलणारी मी. जे घडले ते सगळे लिहून, सही करून मी आणले आहे. हा कागद मी आपल्या टेबलावर ठेवते.

आपण सर्वांनी इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलेत, मला बोलायला उभे केलेत, याबद्दल संस्थेची, पाहुण्यांची आणि विशेषतः सेराफिनामामींची मी ऋणी आहे. त्यांना हे चार वर्षे ठाऊक होते, आणि तरी दर नाताळात त्यांच्या घरची करंजी माझ्या टेबलावर आली. वक्त्याने शेवटी आपल्या चुकांची क्षमा मागावी, अशी रीत आहे. बोलण्यात काही कमीजास्त झाले असेल, वेळेचे भान राहिले नसेल, तर त्याची क्षमा मी मनापासून मागते. त्या एका चुकीची मात्र मागत नाही. तिला क्षमा करू नका. ती माझ्या नावावर लिहा.